पाळीत पोट खूप दुखतं, गोळीशिवाय काय करता येईल?

लेकीचीआई: मुलगी १४ वर्षांची आहे, पाळीच्या पहिल्या दिवशी पोट इतकं दुखतं की अंथरुणात मुटकुळं करून पडून राहते, गोळ्यांची सवय लागेल म्हणून मी देत नाही, घरगुती काही सुचवा ना

निवांत: गरम पाण्याची पिशवी! ओटीपोटावर आणि कमरेवर, पण कपड्यात गुंडाळून, थेट लावली तर कातडी भाजते. बाकीचे दिवस चालणं, स्ट्रेचिंग चालू ठेवायला सांगा, त्याने खरंच फरक पडतो. काढे वगैरे मी तरी देणार नाही, कशात काय असतं कोण जाणे

सुमी७: सवयीची भीती काढून टाका हो. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्याच रसायनामुळे गर्भाशय आवळतं म्हणून दुखतं आणि आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी तेच रसायन कमी करते, त्यामुळे दुखणं टिपेला जायची वाट न बघता सुरुवातीलाच, काहीतरी खाल्ल्यावर द्यायची. दमा किंवा अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा

निवांत: आणि शाळा बुडत असेल, ७ दिवसांच्या वर रक्तस्राव होत असेल किंवा पाळी नसतानाही दुखत असेल तर दाखवाच, एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) या वयातही असू शकतो

लेकीचीआई: शाळा बुडतेच हो दर महिन्याला. अपॉइंटमेंट घेते