शिंदळ माकुडी कुंडीत जगली म्हणजे वाचली का?

कातळवेडा:
परवा इथे कुणी गच्चीवरच्या शिंदळ माकुडीचा, म्हणजे कड्यांवर वाढणाऱ्या एका दुर्मिळ रोपाचा, फोटो टाकून लिहिलं, 'काडी खोचली की जगते, मग धोक्यात कसली? प्रत्येक गडावर लावा.' वाचून राहवलं नाही. काडी जगते, मान्य. पण एका झाडाच्या शंभर काड्या म्हणजे शंभर ठिकाणी तेच एक झाड. तिचं घर म्हणजे बेसाल्टचा उभा कडा, भेगेतली मूठभर माती, चार महिने पाऊस आणि मग नुसती कोरड. पानं गळतात, मांसल काड्या तेवढ्या तग धरतात. पावसाळ्यात तांबड्या चांदण्यांसारखी फुलं येतात, माश्या पराग नेतात, शेंगा धरतात, तडकल्या की म्हातारीसारखं बी वाऱ्यावर कपारीत जातं. यातलं गच्चीवर काय होतं?

गच्चीवाली:
फोटो माझा. काड्या मैत्रिणीने दिल्या, कड्यावरून ओरबाडलेल्या नाहीत. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, अशी मोजकी तर ठिकाणं उरलीत. उद्या दरड कोसळली तर कुंडीतलीच कामी येईल ना?

गडपायथा:
कुंडीचं तुम्ही बघा. माझा राग, ही 'चराईमुळे दुर्मिळ' झाली असं जे लिहिलं जातं, त्या वाक्यावर आहे. आमच्या चार पिढ्यांनी गडाखाली शेळ्या राखल्या. लहानपणी आम्ही गुराखी पोरं या काड्या कच्च्या खायचो, तरी दरवर्षी फुलायची. मग वाट रुंद केली, दगड-माती कड्यावरून खाली लोटली. एक अख्खा ताटवा माझ्या डोळ्यांदेखत गाडला गेला. त्याबद्दल कोण लिहितं?

कातळवेडा:
शेळीला ती खाताना मी पाहिलंय. शेळी पोचत नाही तिथेच ती उरलीय.

गडपायथा:
कड्यावर राहणं हा तिचा स्वभावच आहे, तो शेळीच्या माथी का मारता? वर्षातून दोन रविवार येऊन आम्हाला शिकवू नका!

कातळवेडा:
आणि गवतासाठी वणवा लावतं कोण? रविवारचे पाहुणे?

गडपायथा:
काही लावतात गावातले. भांडलोय मी त्यांच्याशी, दोन वर्षं बोलणं बंद होतं. तुम्ही कुणाशी भांडलात?

जुनीवही:
शेळ्या पुरे. 1860च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेलने तिला मुंबईचे गव्हर्नर फ्रेअर यांचं नाव दिलं, फ्रेरिया इंडिका. त्या प्रजातीत (जीनसमध्ये) ही एकटीच जात. पुढे तिला बाउसेरोशिया या दुसऱ्या प्रजातीत घातलं. एक नाव नीट टिकू देत नाहीत, शोधणाऱ्याने कुठल्या नावाने शोधायचं?

गच्चीवाली:
नावाचं राहू द्या. 'प्रत्येक गडावर लावा' हे मी मागे घेते. एका गडाची काडी दुसरीकडे लावली तर तिथल्या मूळ वाणात मिसळेल, हे डोक्यात आलं नव्हतं. कुंडी मात्र ठेवणार.

कातळवेडा:
ठेवा. कुठल्या गडाची आहे ते मैत्रिणीला विचारून कुंडीवर लिहा, तरच उपयोग. आणि वाटेच्या कामाबद्दल गडपायथा बरोबर आहेत. शेळ्यांबद्दल अजून पटलेलं नाही.

गडपायथा:
नका पटवून घेऊ. फुलं असताना या, दोरावाचून दिसेल अशी कपार दाखवतो. फोटो काढा, फक्त जागा कुठे टाकू नका.