प्रतिसाद: ६५ की ५८?

वर कुणीतरी म्हटलंय की जायकवाडीच्या (मराठवाड्यातलं पैठणचं धरण) पाणीवाटपाच्या नव्या अहवालावर हरकती मागवणं हा निव्वळ सोपस्कार. थोडा असहमत. गोदावरी खोऱ्यातल्या धरणांचं पाणी कसं वाटायचं हे सुचवणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रात १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं आहे. नव्या अभ्यासगटाने ते ५८ वर आणायची, म्हणजे वरून कमी पाणी सोडावं लागेल अशी, शिफारस केली आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०२५च्या सुरुवातीला त्यावर हरकती मागवल्या. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर). म्हणजे दीडशे दलघमी, सव्वापाच टीएमसीच्या (अब्ज घनफूट) वर!

‘मराठवाड्यावर अन्याय’ एवढंच लिहिलेल्या अर्जांचा गठ्ठा होतो, दुसरं काही नाही. (नगर-नाशिककरांनाही हेच लागू, रागावू नका.) त्यापेक्षा आकडे मागा. जायकवाडी उथळ आणि पसरट, बाष्पीभवन प्रचंड. ते कोणत्या वर्षांच्या मोजणीवरून धरलंय? गाळाचं सर्वेक्षण कधीचं? वरून सोडलेलं पाणी नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पोचेपर्यंत नदीत किती मुरतं? वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या काढल्या होत्या का, यावरही ते ठरतं. अशा प्रश्नाला लेखी उत्तर टाळणं अवघड जातं, आणि पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर तोच कागद कामाला येतो.