चढाला पिकअप गरम होतेय, हेड उतरवण्याआधी काय काय तपासू?

मदत हवी आहे, आणि जरा लवकर हवी आहे. सोमवारी मेस्त्री इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) उतरवायला घेणार आहेत. त्याआधी माझी खात्री व्हायला हवी.

गाडी वीस वर्षांहून जुनी डिझेल पिकअप आहे. चार सिलिंडर, टर्बो नाही, पंखा बेल्टवर फिरणारा, मीटरवर २ लाख ८० हजार किलोमीटर. वडिलांनी घेतली, त्यांनीच मला तिच्यावर चालवायला शिकवलं. त्यामुळे ‘विकून टाका’ हा सल्ला कृपया देऊ नका.

सपाट रस्त्यावर ताशी ६०-७० ने दोन तास चालवली तरी काटा मध्यावरून हलत नाही. रिकामी असली तर चढही निमूट चढते. पण पाऊण टन माल भरला आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये लांब चढ लागला, की दहा-बारा मिनिटांत काटा वर सरकायला लागतो आणि लाल पट्ट्याजवळ पोचतो. हीटर पूर्ण उघडला की तिथेच थबकतो. उतार लागला की पाच मिनिटांत पुन्हा जागेवर.

आतापर्यंत थर्मोस्टॅट बदलला, ८२ अंशांचा. बसवण्याआधी पातेल्यात तापवून पाहिला: ८२ च्या आसपास हलला, ९५ ला पूर्ण उघडला. मग जुनाही तसाच तापवला, तोही ठीक निघाला. रेडिएटरचं झाकण नवं, ०.९ बारचं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. नाक चढाकडे करून, हीटर उघडा ठेवून हवा दोनदा काढली.

आता काळजीची गोष्ट. दर ३०० किलोमीटरला साधारण पाव लिटर कूलंट कमी होतं आणि जमिनीवर एक थेंब दिसत नाही. मेस्त्री म्हणतात, ‘पाणी इंजिन पितंय, (हेडखालचं) गॅस्केट गेलं.’ पण ऑइल स्वच्छ आहे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर नाही, पांढरा धूर नाही. सकाळी थंड असताना रेडिएटरचा वरचा होज दाबला तर मऊ लागतो. रेडिएटरचं झाकण उघडून थंड इंजिन सुरू केलं तर बुडबुडे येत नाहीत. निळ्या द्रवाची चाचणी (कूलंटमध्ये धुराचा वायू शिरला तर द्रवाचा रंग बदलतो) केली, रंग निळाच राहिला.

लेझरवाल्या थर्मामीटरने तापमानंही घेतली. आधी थर्मोस्टॅटच्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर धरला, तर आकडे फारच कमी यायचे. चकचकीत धातूवर तो फसतो हे नंतर समजलं. मग रबरी होजवरच धरायला लागलो.

सपाट रस्त्यावर अर्ध्या तासानंतर: वरचा होज ९०, खालचा ७४.
भरलेल्या गाडीने चढ चढून, थांबल्या थांबल्या: वरचा १०४, खालचा ९७.

यातून काय समजायचं? रेडिएटर आतून चोंदलाय का?

प्रतिसाद

दादा, सोमवारचं काम पुढे ढकला. तुमचे आकडेच बोलतायत.

रेडिएटर आतून चोंदला असता किंवा वॉटर पंपाची पाती झिजली असती, तर पाणी रेडिएटरमधून हळूहळू गेलं असतं. हळू गेलेलं पाणी चांगलं निवतं, म्हणजे खालचा होज बराच थंड लागला असता. तुमच्याकडे उलटं आहे. १०४ ने आत गेलेलं पाणी ९७ ने बाहेर येतंय. पाणी फिरतंय, पण त्याची उष्णता घेऊन जायला हवा नाही. सपाट रस्त्यावर गाडीच्या वेगाने हवा आपोआप मिळते. चढावर वेग २५-३०, इंजिनवर पूर्ण भार, अशा वेळी सगळी मदार पंख्यावर असते.

दोन गोष्टी बघा. एसी असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. पुढून स्वच्छ दिसतं, पण मध्ये धूळ, किडे आणि गवताचा नमदा बसलेला असतो. पाणी मागून पुढे मारा, आणि प्रेशर वॉशर जवळून नको, पाकळ्या वाकतात. पंख्याभोवतीचं कवच जागेवर आहे का तेही पाहा. ते काढून ठेवलेलं असलं तर पंखा तीच गरम हवा घुसळत बसतो.

दुसरं म्हणजे, चढावर गाडी तापली की पंख्याचा मोठा आवाज येतो का?

धागाकर्ता

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी थांबलोच. नाही येत! वडील चालवायचे तेव्हा चढावर पुढून एवढी घरघर यायची की आम्हाला ओरडून बोलावं लागायचं. तो आवाज कधी बंद झाला ते लक्षातच आलं नाही. गाडी शांत झाली म्हणून मला बरंच वाटत होतं.

एसी नाही, त्यामुळे कंडेन्सर नाही. रेडिएटर धुतला, थोडी माती निघाली. कवच शाबूत आहे. मग गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला. एका झटक्यात सात-आठ वेढे फिरला. पंख्याच्या क्लचच्या (पंखा आणि पुली जोडणाऱ्या भागाच्या) मधोमध तेलकट, काळे ओघळ बाहेरच्या बाजूला पसरलेत.

प्रतिसाद

मग फॅन क्लचच गेलाय. त्याच्या आत सिलिकॉन तेल असतं आणि पुढे दुहेरी धातूची गुंडाळलेली पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की पट्टी वळते, झडप उघडते, तेल आत शिरतं आणि पंखा पुलीबरोबर जखडून फिरतो. तेल गळून गेलं की जखडायला काही उरत नाही. तुम्ही पाहिलेले ओघळ त्याच तेलाचे. गरम क्लच हाताला जड लागायला हवा, फार तर एखादा वेढा फिरावा.

चालू इंजिनात कागदाची सुरळी घालून पंखा थांबवून बघायला कोणी सांगेल. कृपा करून ते करू नका. पातं तुटून लोकांचे हात गेलेत.

कूलंट मात्र वेगळीकडे जातंय, त्याचा क्लचशी संबंध नाही. तुमची निळ्या द्रवाची चाचणी चांगली आली, पण डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, विशेषतः आयडलवर. त्यामुळे तिच्यावर एकटीवर विसंबू नका. थंड इंजिनवर हातपंपाने कूलिंग सिस्टिममध्ये ०.९ बार दाब भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी दाब किती उरला ते पाहा, ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) काढून स्टार्टर मारा. सिलिंडरमधून पाणी उडालं तर मेस्त्री बरोबर. नाही उडालं तर आरसा आणि टॉर्च घेऊन बाहेरून शोधा, वॉटर पंपापासून सुरुवात करा.

धागाकर्ता

चाचणी झाली. रात्री ०.९ भरलं, सकाळी ०.५ उरलं होतं. ग्लो प्लगच्या चारही भोकांतून नुसती हवा. मग आरसा धरला. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून थेंब निघत होता, आणि त्याखाली ब्लॉकवर हिरव्या वाळलेल्या डागाची लांब रेघ. गाडी चालू असताना तो थेंब गरम ब्लॉकवरच वाळत असणार, म्हणून जमिनीवर कधी दिसला नाही.

मेस्त्रींना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः पंपाची पुली हलवून पाहिली, किंचित खेळ आहे. हेडचं काम त्यांनीच रद्द केलं.

फॅन क्लच पंपाच्या शाफ्टवरच बसतो, म्हणून पंप आणि क्लच दोन्ही बदलतोय. काल नुसता क्लच बसवून तोच चढ, तोच पाऊण टन माल घेऊन गेलो: माथ्यावर वरचा होज ९३, खालचा ७९. आणि ती घरघर परत आली. शेजारी वडील बसले होते, काही बोलले नाहीत, फक्त पुढे बघून मान हलवली.

पंप अजून घ्यायचा आहे. एकाची पाती ओतीव लोखंडाची आहे, दुसऱ्याची दाबलेल्या पत्र्याची. मापं दोन्हीची जुळतात. भरलेल्या गाडीसाठी, संथ चढावर, कोणता घेऊ? ज्यांनी पत्र्याचा पंप लाखभर किलोमीटर वापरलाय त्यांनी जरूर सांगा.