दोन पाळ्यांमध्ये तपकिरी डाग पडतात : आधी गोळ्या की आधी तपासण्या?

नमस्कार. गेल्या वर्षभरापासून पाळी संपल्यानंतरही मला डाग पडत राहतात, त्याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. माझे वय ३८ आहे, दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली आणि दुसऱ्या वेळीच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतल्यामुळे मी कॉपर टी किंवा गर्भनिरोधक गोळ्या वापरत नाही. पाळी महिन्याच्या महिन्याला येते. मात्र नेहमीचा रक्तस्राव थांबला असे वाटते तोच तपकिरी डाग सुरू होतात आणि जवळपास आठवडाभर थोडेथोडे दिसत राहतात. याशिवाय काही महिन्यांत दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर ओटीपोटात एका बाजूला बारीक कळ येऊन एखाद-दुसरा दिवस फिकट गुलाबी डाग दिसतो. ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव नाही.

घरात याला ‘उष्णता’ म्हणतात. सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचे पाणी हे सर्व यथासांग झाले. त्याने अपाय झाला नाही आणि गुणही आला नाही. (डाग दिसला की पाळी धरायची की नाही, हा आमच्याकडचा वेगळाच वाद आहे.) जवळच्या दवाखान्यात तपासणी न करताच नॉरएथिस्टेरॉनच्या (रक्तस्राव थांबवणाऱ्या संप्रेरकाच्या) गोळ्या लिहून दिल्या. त्या चालू असेपर्यंत डाग थांबले, बंद केल्यावर पुन्हा सुरू झाले आणि आता त्याच गोळ्या तीन महिने घेण्यास सांगितले आहे. मला गोळ्यांची भीती वाटत नाही, परंतु कारण कळण्याआधीच त्या घेत राहणे योग्य आहे का, आणि या दोन्ही प्रकारच्या डागांचे मूळ एकच असू शकते का, हे समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे; प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे गृहीत धरून लिहिते. तुमच्या वर्णनात बहुधा दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. मध्यावरचा, एका बाजूच्या कळेसह येणारा फिकट डाग बीजकोशातून अंडे बाहेर पडण्याच्या सुमाराचा असावा. तेव्हा इस्ट्रोजेनची पातळी थोडा वेळ घसरते आणि गर्भाशयाच्या अस्तराचा किंचित भाग सुटतो. तो एक-दोन दिवसांत थांबत असेल, तर त्यावर उपचार लागत नाहीत.

पाळीनंतर रेंगाळणाऱ्या तपकिरी डागांबाबत मात्र तुमच्या दोन सिझेरियनकडे लक्ष जाते. त्या व्रणाच्या जागी गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीत कधीकधी खाच राहते. पाळीचे थोडे रक्त तिच्यात साठते आणि नंतर हळूहळू झिरपते, आणि जुने झाल्यामुळेच ते तपकिरी दिसते. ही खाच दुर्मीळ नाही, परंतु सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर सिझेरियनचा उल्लेख नसेल तर ती नजरेतून सुटू शकते. म्हणून सोनोग्राफी योनिमार्गातून आणि पाळी संपल्यावर लगेच, अस्तर पातळ असताना करून घ्यावी. असेच डाग पाडणारा अस्तराचा पॉलिपही (छोटी मांसल वाढ) तेव्हा नीट ओळखता येतो.

खाच सापडली तरी गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नका. स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा ठेवणारे उपकरण) लावून ते पाहावे आणि पॅप स्मिअर (तिथल्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही (तिथल्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणी करावी, कारण सूज, पॉलिप किंवा क्वचित कर्करोगामुळेही मधल्या काळात डाग पडतात. शरीरसंबंधानंतर रक्त दिसत असेल, तर यात अजिबात दिरंगाई नको. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहावे आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असली तरी गर्भचाचणी करावी. ती शस्त्रक्रिया क्वचित निष्फळ ठरते आणि तसे झाल्यास गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत राहण्याचा धोका अधिक असतो. अस्तराचा तुकडा काढून तपासणे साधारणपणे वयाच्या ४५ नंतर सुचवले जाते. वजन जास्त असेल, पीसीओडी (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) असेल किंवा औषधांनीही रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, तर त्याआधीही.

नॉरएथिस्टेरॉन अस्तर धरून ठेवते, त्यामुळे कारण कोणतेही असले तरी डाग काही काळ थांबू शकतात. थांबण्यावरून निदान होत नाही. तपासण्यांनंतर त्याच गोळ्या पुन्हा द्याव्या लागतीलही, पण पूर्वी कधी शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. निव्वळ खाचच निघाली, मूल नको असेल आणि डागांचा फारसा त्रास नसेल, तर काही न करणे हाही योग्य पर्याय आहे; त्रास असेल, तर उरलेल्या भिंतीची जाडी पाहून दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते. दरम्यान तासाला एक पॅड भिजू लागले, चक्कर आली किंवा पोटात एका बाजूला तीव्र दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.