मागचा टायर मधोमध सपाट झाला आहे, घाटात चालवावा का?

प्रश्न
मी नाशिकच्या सिडकोत राहतो आणि दर पंधरा दिवसांनी आईला भेटायला १५० सीसीच्या मोटारसायकलवरून ठाण्याला जातो. मागचा टायर १६ हजार किलोमीटर चालला असून मधला तीन बोटे रुंदीचा पट्टा हाताला सपाट लागतो, कडांची नक्षी मात्र नव्यासारखी आहे. कसारा घाटात वळणावर गाडी आधी झुकतच नाही आणि मग एकदम पडल्यासारखी आत जाते. गेल्या रविवारी रिमझिम पावसात मागचे चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर सरकले. टायरवाला म्हणतो, कडा शाबूत आहेत, आणखी चार हजार किलोमीटर निघतील. त्याचे ऐकावे का?

उत्तर १
ऐकू नका. महामार्गावर गाडी तासन् तास सरळ चालते, त्यामुळे रस्त्याला टेकणारा तोच पट्टा झिजत राहतो, आणि इंजिनचा जोर मागच्या चाकावर असल्याने तिथे ही झीज लवकर दिसते. गोलाई गेली की सपाट भाग आणि कड यांच्यामध्ये धार तयार होते. गाडी झुकवताना त्या धारेवरून पलीकडे जावे लागते, म्हणून ती आधी अडते आणि मग एकदम कलते. पावसात टायरखालचे पाणी खाचांतून बाहेर पडते आणि सरळ रस्त्यावर ब्रेक लावताना मधल्याच खाचा कामाला येतात, तेव्हा कडांची नक्षी पाहून टायर चांगला ठरवणे चुकीचे आहे. टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे असतात. त्यांच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्याला टेकली असेल तर टायर संपला. दुचाकीसाठी नियमाने किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे, पण घाटातल्या पावसासाठी मी तिथपर्यंत थांबत नाही.

उत्तर २
वरच्या उत्तराशी सहमत आहे, फक्त पांढऱ्या पट्ट्याचा दोष टायरला देऊ नये. ओल्या रंगावर नवा टायरही सरकतो, त्यामुळे तिथे ब्रेक न लावता गाडी शक्य तितकी सरळ ठेवावी. पुढचा टायरही तपासा, कारण मागचे चाक सरकले तर सावरायला थोडी संधी मिळते, पुढचे सरकले तर बहुधा मिळत नाही.

नवा टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचून घ्या. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. मला एका दुकानदाराने साडेतीन वर्षे पडून असलेला टायर ताजा म्हणून दिला होता आणि मी आकडे पाहिले ते घरी आल्यावर. रबर वयानेही कडक होते, न वापरता ठेवले तरी. हवा टायर थंड असताना, साखळीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. डबल सीटसाठी वेगळा आकडा असतो. गरम टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, म्हणून इगतपुरीला थांबून हवा कमी करू नका.

प्रश्नकर्ता
आत्ताच टायर पुसून बॅटरीच्या उजेडात पाहिला. मधल्या खाचांत उंचवटा नक्षीच्या बरोबरीला आला आहे आणि पुढच्या टायरवर १११७ हे आकडे आहेत. दोन्ही बदलतो. नव्या टायरचा वरचा थर सुरुवातीला निसरडा असतो असे ऐकले आहे, लगेच घाटात जाऊ का?

उत्तर १
पहिले दीडशे किलोमीटर त्र्यंबक रोडला किंवा गंगापूर धरणाकडे सावकाश चालवा, जोरात ब्रेक लावू नका आणि गाडी हळूहळू जास्त झुकवत न्या. या वेळी ठाण्याला रेल्वेने जा.