एटीसी करायचंय, पण एएआय की एअर फोर्स?

कागलची_पोरगी:
नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठातनं बीएस्सी करतेय, फिजिक्स-मॅथ्स, शेवटचं वर्ष. येताजाता उजळाईवाडी विमानतळाचा टॉवर बघून एटीसीचं, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळायचं काम डोक्यात बसलंय ते काय निघंना. घरचे बँकेच्या परीक्षा दे म्हणतात, ते मी बघून घेते, पण एएआयची (विमानतळ प्राधिकरणाची) ज्युनियर एक्झिक्युटिव्हची परीक्षा द्यायची का एएफकॅटमधनं (एअर फोर्सच्या प्रवेश परीक्षेतनं) एअर फोर्सला जायचं? कामात फरक काय? आणि कोल्हापूरला पोस्टिंग मिळतंय का?

रात्रपाळी_ताई:
कोल्हापूर डोक्यात धरून येऊ नकोस बाई, देशात कुठंही टाकतात. फिजिक्स-मॅथ्स आहे म्हणजे तू बसू शकतेस, ओपनला वय 27 पर्यंत. पेपर 120 मार्कांचा, त्यातले 60 फिजिक्स-मॅथ्सचेच, निगेटिव्ह मार्किंग नाही. पुढं व्हॉइस टेस्ट आणि मेडिकल असतं.
आता काम. टॉवरला रनवे डोळ्यासमोर असतो, एरिया कंट्रोलला, म्हणजे लांबनं जाणारी विमानं सांभाळतात तिथं, नुसती स्क्रीन. तू म्हणालीस क्लाइम्ब फ्लाइट लेव्हल थ्री थ्री झिरो (म्हणजे त्या उंचीवर चढ), पायलट परत वाचताना थ्री फोर झिरो म्हणाला, तर ते तिथल्या तिथं कानाला खटकलं पाहिजे, दुसरी चार विमानं बोलायला टपलेली असताना आणि पहाटेचे तीन वाजलेले असताना सुद्धा. मला हे काम मनापासून आवडतं, पण पगाराकडं बघून येणाऱ्यांना जड जातं. आणि स्टेशन बदललं की तिथलं रेटिंग (तिथं कंट्रोल करायची पात्रता) नव्यानं घ्यायला लागतं, म्हणजे अभ्यास काय सुटत नाही.

भावा_निळी_वर्दी:
एअर फोर्समध्ये एटीसी अॅडमिन ब्रँचला येतं, फायटर कंट्रोलर (लढाऊ विमानांना जमिनीवरनं सूचना देणारे) पण त्यातच. वय 20 ते 26, ग्रॅज्युएशनला 60 टक्के लागतात, मग एएफएसबीचा (एअर फोर्सच्या निवड मंडळाचा) इंटरव्ह्यू आणि हैदराबादजवळ दुंडीगलला ट्रेनिंग. शॉर्ट सर्व्हिस 10 वर्षांची, वाढली तर आणखी 4. तिथं तू आधी ऑफिसर आणि मग कंट्रोलर, टॉवरसोडून दुसऱ्या जबाबदाऱ्या पण अंगावर येणार. वर्दीची ओढ असेल तरच ये. एएफकॅट वर्षातनं दोनदा निघते, एएआयची जाहिरात कधी येईल ते ठरलेलं नसतं, त्यामुळं एकाच्या नादात दुसरी सोडू नकोस.

राजारामपुरी_११वी_गल्ली:
क्लासला पैसे भरायच्या आधी डोळे तपासून घे, रंग ओळखण्यात अडचण निघाली तर मेडिकलला अडकतंय.

कागलची_पोरगी:
ताई, दादा, लै आभार. वर्दीचं मनात कधीच नव्हतं, हेडफोन लावून विमानांशी बोलायचं तेवढंच होतं. म्हणजे एएआयचा अभ्यास आधी, एएफकॅटचा फॉर्म पण भरते. ताई, व्हॉइस टेस्टला नेमकं काय वाचायला देतात?