क्लब कारला ईझेडगोची मोटार बसेल का?

गुहागर_कार्ट: रिसॉर्टवर क्लब कार कंपनीची प्रिसिडेंट ही बॅटरीवरची गोल्फ कार्ट आहे, ४८ व्होल्ट, आयक्यू (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल) सिस्टीम. उधाणाचं खारं पाणी मोटारीत शिरलं आणि गाडी बंद पडली. शेडमध्ये ईझेडगो कंपनीची जुनी टीएक्सटी कार्ट आहे, ३६ व्होल्ट, सीरीज मोटारची. तिची चेसी गंजून गेली, पण मोटार चालू आहे. शाफ्टचे दाते जुळतात, बोल्टची भोकं जुळत नाहीत. लेथवाल्याकडून मध्ये प्लेट करून घेतली तर चालेल का? बीचपासून वर जांभ्याचा खडा चढ आहे, चार पाहुणे आणि सामान असतं.

चिपळूण_वाइंडिंग: प्लेटचा विचार सोडा. या मोटारींना बेअरिंग एकच असतं, कम्युटेटरच्या (ब्रश टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या) बाजूला. दुसरं टोक डिफरन्शियलच्या (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) इनपुट शाफ्टवर टेकलेलं असतं. प्लेट जितकी जाड, तितके दाते कमी अडकतात. प्लेट किंचित जरी तिरकी बसली, तरी आर्मेचर (फिरणारा भाग) पोलला (भोवतीच्या स्थिर चुंबकाला) घासतं आणि दाते खाल्ले जातात. आवाज येईपर्यंत इनपुट शाफ्टही गेलेला असतो.

याच कारणाने मोटार बाहेर काढून तशीच फिरवू नका. मोकळ्या टोकाला आधार नसतो.

रत्नागिरी_ईव्ही: वायरिंगचा प्रश्न त्याहून मोठा. तुमची मोटार सेपेक्स, म्हणजे फील्डला (स्थिर गुंडाळीला) कंट्रोलरकडून (करंट सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याकडून) वेगळा करंट जातो. एफ-१ आणि एफ-२ या फील्डच्या टर्मिनलच्या वायरी बारीक असतात. सीरीज मोटारीत आर्मेचरचा सगळा करंट फील्डमधूनच जातो, म्हणून चारही टर्मिनल जाड. मीटर लावून बघा: सेपेक्स फील्ड साधारण एक ओहमच्या आसपास, सीरीज फील्ड जवळजवळ शून्य. प्रिसिडेंटच्या कंट्रोलरच्या फील्ड आउटपुटला ते शॉर्टसारखंच दिसेल. एक तर फॉल्ट येईल, नाहीतर आतले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे भाग) जळतील.

म्हणजे कंट्रोलर बदला, जाड केबल टाका, फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच बदला. पेडलही बघावं लागेल: क्लब कारचा एमकॉर (पेडल किती दाबलं ते सांगणारा सेन्सर) शून्य ते पाच किलोओहमचा असतो, सीरीज कंट्रोलर तसा इनपुट घेणारा हवा. एवढं करूनही उतारावर पंचाईत आहेच. सेपेक्स मोटार गाडीचा वेग धरून ठेवते, सीरीज मोटार धरत नाही. पाहुणे बसलेली गाडी त्या उतारावर फक्त मागच्या ड्रम ब्रेकवर सोडायची, हे मला अजिबात पटत नाही.

गुहागर_कार्ट: समजलं. मग जुनीच वाचवता येईल का? ए-१ (आर्मेचरचं टर्मिनल) आणि मोटारीच्या बॉडीमध्ये मीटर ६० किलोओहम दाखवतोय.

चिपळूण_वाइंडिंग: एवढ्यावरून जळली म्हणता येत नाही. मीठ आणि कार्बनची पूड ओली झाली की असंच लीकेज दिसतं. पण थांबू नका, मीठ आत राहील तितकं तांबं हिरवं पडतं.

आधी रन-टो स्विच (चालवणे किंवा ओढून नेणे यासाठीचा) ‘टो’वर, मग बॅटरीची मेन निगेटिव्ह काढा. केबलांना खुणा करून मोटार उतरवा. टोकाचा स्पीड सेन्सर आणि शाफ्टवरचं मॅग्नेट वेगळं ठेवा, उष्णतेने मॅग्नेट कमजोर होतं. मोटार उघडा, बेअरिंग आणि ब्रश काढा. फील्ड आणि आर्मेचर गोड्या पाण्याने भरपूर धुवा, पाणी खारट लागेनासं होईपर्यंत. मग वाइंडिंगवाल्याच्या ओव्हनमध्ये ८० ते ९० अंशांवर रात्रभर. उन्हात वाळवून भागत नाही, किनाऱ्यावरची हवाच दमट.

वाळल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) मोजा. एक मेगओहमच्या खाली असेल तर पुन्हा ओव्हन, तरीही चढत नसेल तर रिवाइंडिंग. चांगलं आलं तर वार्निश मारून पुन्हा भाजा. कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ करा. एमरी नको, तिचे कण वीज वाहून नेतात. पट्ट्यांमधल्या खाचा खरवडून मोकळ्या करा. बेअरिंग नवीनच टाका.

रत्नागिरी_ईव्ही: जोडताना सेन्सरचा प्लगही बघा, पिना हिरव्या असतील तर बदला. सिग्नल मिळाला नाही तर मोटार ठणठणीत असूनही गाडी रांगते. पहिली चाचणी मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून, पेडल हळू दाबून.